बाई, मी कितव्या पायरीवर?



आज सुरुवातीलाच एक गणित. घाबरू नका, सोपं आहे! तास ३५ मिनिटांचा, वर्गात मुलं ४०. बाईंनी प्रत्येकाला सारखा वेळ द्यायचं ठरवलं, तर तुमच्या वाट्याला किती येईल? करा बरं. जेमतेम ५२ सेकंद! वही उघडून होते न होते, तोच पुढच्याचा नंबर.

म्हणून बाई काय करतात? फळ्यापाशी उभ्या राहून सगळ्यांना एकदमच शिकवतात. ज्याला भागाकार कधीच येऊन गेलाय, तो जांभया देतो. ज्याला अजून हातच्याची वजाबाकीच जमत नाही, तो मान खाली घालून फळ्यावरचं नुसतं उतरवून घेतो. "समजलं का?" असं बाईंनी विचारलं, की सगळा वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणतो. त्यात तुमचाही एखादा खोटा "हो" असतो की नाही? खरं सांगा हं!

लहान गावातल्या शाळेत तर आणखी गंमत. आपल्या देशात २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला. त्यानुसार ६० पर्यंत मुलं असलेल्या प्राथमिक शाळेला शिक्षक मिळतात दोन. इयत्ता चार किंवा पाच आणि शिक्षक दोनच! गुरुजी पहिलीला बाराखडी देतात, तोवर तिसरी-चौथी नुसती गप्प बसून राहते.

यावर एक छान तोड निघाली, ती आंध्र प्रदेशात. तिथे मदनपल्लीजवळ ऋषी व्हॅली नावाची शाळा आहे. जे. कृष्णमूर्ती या विचारवंतांच्या प्रेरणेनं ती सुरू झाली. तिच्या आसपासच्या खेड्यांत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून एका शिक्षकाच्या छोट्या शाळा उघडल्या गेल्या. एकच खोली, एकच गुरुजी आणि सगळ्या इयत्तांची मुलं. मग तिथल्या मंडळींनी पाठ्यपुस्तकाचे छोटे छोटे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याचं एकेक कार्ड बनवलं. कार्डावर खुणेचं चित्र. ही कार्डं कोणत्या क्रमानं करायची, ते दाखवणारी एक मोठी शिडी भिंतीवर लावली.

मूल शाळेत आलं, की शिडीवर आपली पायरी शोधायची, त्या खुणेचं कार्ड काढायचं आणि कामाला लागायचं. आधी ओळख, मग सराव, मग छोटीशी चाचणी. जमलं तर पुढे. नाही जमलं तर? रागावणं नाही, नापास नाही. त्याच गोष्टीची वेगळी कार्डं घ्यायची आणि पुन्हा करून बघायचं.

तमिळनाडूनं ही पद्धत उचलली. चेन्नई महापालिकेच्या शाळांत २००३ पासून तिची सुरुवात झाली आणि पुढच्या काही वर्षांत ती राज्यभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांत पोचली. वर्गात मुलांच्या हाताला येतील असे बुटके फळे आले आणि शिक्षक खुर्ची सोडून मुलांबरोबर जमिनीवर बसू लागले.

आता तुमचे आई-बाबा विचारतील, "कार्डंच शिकवणार, तर शिक्षकांनी करायचं काय? आराम?"

छे! त्यांचं काम उलट वाढतं. आपलं मघाचं गणित पुन्हा मांडू. समजा, ४० पैकी २८ मुलं आपापली किंवा मित्राच्या मदतीनं काम करताहेत. उरली १२. आता ३५ मिनिटं १२ जणांत वाटा. प्रत्येकाला जवळजवळ तीन मिनिटं! तीन मिनिटांत बाई तुमच्या शेजारी बसून विचारू शकतात, "हे उत्तर कसं आलं, सांग बघू." आणि तुम्ही सांगता सांगता त्यांना कळतं, की चूक भागाकारात नाहीच. सातचा पाढा कच्चा आहे! हे कार्डाला कळत नाही. उत्तर चुकलं एवढं ते दाखवील, पण का चुकलं, हे शोधायला माणूस लागतं.

काही शाळांत आता कार्डांऐवजी टॅब्लेट आले आहेत. गणित चुकलं, की ते आपोआप सोपं गणित देतात. छानच आहे! पण शेजाऱ्याचं बघून उत्तर दाबलं, तर टॅब्लेटही फसतो. आणि आज तुमचं लक्ष नाही, कारण घरी आजी आजारी आहे, हे बाईंनाच चेहऱ्यावरून कळतं.

या शिडीचा सर्वांत मोठा फायदा कुणाला, माहीत आहे? ज्याची शाळा बुडते त्याला. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास कितीतरी मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तोवर वर्ग दहा धडे पुढे गेलेला असतो. मग ती मुलं मागच्या बाकावर बसतात आणि हळूहळू शाळेतून दिसेनाशी होतात. शिडी असेल, तर जिथे सोडलं तिथूनच पुढे सुरू. पण "ये, तुझी पायरी तुझी वाट बघतेय," असं म्हणून हाक मारायला गुरुजीच हवेत.

तुमच्या वर्गात शिडी नसेल. हरकत नाही. या आठवड्यात एक उद्योग करा. वहीच्या मागच्या पानावर एक शिडी काढा. कुठल्याही एका विषयात काय काय पक्कं येतं, ते खालच्या पायऱ्यांवर लिहा. जिथे अडलं, तिथे गोल करा. ते पान बाईंना दाखवा आणि सांगा, "बाई, मी इथे अडलोय." सगळा वर्ग "होऽऽ" म्हणत असताना असं सांगायला धीर लागतो. पण बाईंना तुमच्यापर्यंत पोचायची वाट त्यानंच सापडते.

आणि आई-बाबांनो, ते पान तुमच्या हाती आलं तर शेजारच्या मुलाची पायरी विचारू नका हं. आपल्या मुलानं गोल कुठे केलाय, तेवढंच बघा.