ओपन स्पेस

आमच्या अमरावतीत प्लॉट घेताना माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘समोर काय आहे?’ समोर ओपन स्पेस असली की गडी खूश. घर बांधून झालं की तोच माणूस दुसरा प्रश्न विचारतो, ‘ही जागा किती दिवस अशी पडून राहणार?’

माझं भांडण या ‘पडून’शी आहे. बँकेत कारकुनी करता करता वीस वर्षं गेली, पण खात्यात पैसा पडून आहे अशी तक्रार घेऊन एकही खातेदार खिडकीशी आलेला नाही. जागा पडून दिसली की मात्र आम्हां मध्यमवर्गीयांच्या पोटात दुखतं. मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. नियम तिथे थोडं बांधकाम चालू देतो, अन् आम्ही ते ‘थोडं’ फार मनावर घेतो. आधी नुसता ओटा. मग ओट्यावर शेड, शेडजवळ सभागृह, सभागृहाला पार्किंग, पार्किंगला सिमेंटचे ब्लॉक! उरतो एक कडुनिंब. त्याच्याही बुंध्याला सिमेंट असं आवळतात की पावसाळ्यातदेखील बिचाऱ्याच्या मुळाशी पाणी पोचू नये. बैठकीत मी हे बोललो, तर एक काका म्हणाले, ‘भाऊ, तुम्ही नोटा मोजा, हे आम्ही पाह्यतो.’ आणि पाहिलंच त्यांनी!

शहराच्या विकास आराखड्याची तीच तऱ्हा. बगीच्यासाठी राखलेली जागा १० वर्षांत घेतली नाही, मालकाने नोटीस दिली आणि पुढच्या दोन वर्षांतही कोणी हललं नाही, तर १९६६च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आरक्षण संपतं. आमच्याकडे १० वर्षं हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. वारस कागद घेऊन आला तर ती परत तरी मिळते. बगीच्याच्या वारसांनी कुठल्या खिडकीशी उभं राहायचं?

तर म्हणतात, झाडं लावू की! २०२१च्या दुरुस्तीने जुनं झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायला सांगितली आहेत. म्हणजे ६० वर्षांची ठेव मोडायची अन् शून्य शिलकीची ६० खाती उघडायची. त्यांतली किती मे महिन्यात चालू राहतात, ते अकोल्याच्या माणसाला विचारा. तिथे पारा ४५च्या पुढे जातो.

२०१५ साली स्मार्ट सिटीसाठी अमरावतीचं नाव दिल्लीला गेलं होतं. शेवटच्या शंभरात ते बसलं नाही, याची हळहळ अजून चहाच्या टपरीवर ऐकू येते. अहो, पण सावलीला दिल्लीची मंजुरी कशाला लागते? जागेला कुंपण घाला, चार कडुनिंब, दोन चिंचा लावा, तीन उन्हाळे पाणी घाला. अन् बावा, मेहेरबानी करून बाकी काही करू नका.

आता उरलेल्या कोपऱ्यात ओपन जिम बसवायचं घाटतं आहे. मी विरोधात हात वर करणार. रविवारी सकाळी दहाला बैठक आहे, त्याच कडुनिंबाखाली. दुसरीकडे कुठे बसवत नाही.