राजीनामा मंजूर झाला, तक्रारीचे काय?

पाळकाविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार आली की आपल्या मंडळ्यांत पुढे काय घडते, याचा क्रम आता जवळपास ठरलेला आहे. दोन वडील पाळकसाहेबांना घरी जाऊन भेटतात. तक्रार करणाऱ्या बाईच्या घरच्यांची समजूत काढली जाते. एके रविवारी आशीर्वादाआधीच्या सूचनांत, संडे स्कूलच्या सहलीच्या आणि महिला संघाच्या सभेच्या मधोमध, पाळकसाहेबांनी व्यक्तिगत कारणास्तव राजीनामा दिल्याचे वाचून दाखवले जाते. कमिटीच्या इतिवृत्तात ‘राजीनामा खेदपूर्वक मंजूर, सेवेबद्दल आभार’ अशी ओळ पडते आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पुढे तेच पाळकसाहेब दुसऱ्या जिल्ह्यात उपदेशाला उभे राहतात, तेव्हा त्यांच्याकडे आधीच्या मंडळीचे चांगले शिफारसपत्र असते. या सगळ्यात कागदावर कुणी खोटे लिहिलेले नसते. पण तक्रार खरी होती की खोटी, हेही कुणी लिहिलेले नसते. सुरतेपासून नवापूर-नंदुरबारपर्यंतच्या मराठी मंडळ्यांचे पाळक, वडील आणि विश्वस्त हे मासिक वाचतात. त्यांच्यापुढे आमचे म्हणणे एवढेच आहे की राजीनाम्याने नेमणूक संपते, तक्रार संपत नाही. राजीनामा आला तरी चौकशी पुरी करायची, निष्कर्ष लिहायचा आणि तो पुढच्या मंडळीला कळवायचा, असा नियम नसेल तर आपल्याकडे शिस्त आहे असे म्हणण्यात अर्थ नाही.

या विषयावर सुरतेचा अनुभव जुना आहे. १८६० साली इथले वैष्णव महाराज जदुनाथजी मुंबईला गेले. करसनदास मुळजी हे त्यांच्याच संप्रदायात वाढलेले. त्यांनी २१ ऑक्टोबर १८६० च्या ‘सत्यप्रकाश’मध्ये महाराजांच्या भक्तस्त्रियांशी असलेल्या वर्तनावर लेख लिहिला आणि महाराजांनी पन्नास हजारांच्या अब्रुनुकसानीचा दावा लावला. हा खटला ‘महाराज लायबल केस’ म्हणून प्रसिद्ध आहे आणि अलीकडे त्यावर सिनेमाही निघाला. पण संस्था चालवणाऱ्यांनी पाहण्याजोगा भाग खटल्याच्या आधीचा आहे. महाराजांना कोर्टात जाण्याची वेळ येऊ देणार नाही, असा लेखी करार काही वर्षांपूर्वीच अनुयायांकडून करून घेतला गेला होता. करसनदासांनी त्याला ‘गुलामीखत’ म्हटले होते. दावा लागल्यावर भाटिया महाजनांनी सभा भरवली आणि महाराजांविरुद्ध साक्ष देणाऱ्याला जातीबाहेर टाकायचे ठरवले. साक्षीदार दडपण्याच्या या कटाबद्दल नऊ जणांवर वेगळा खटला चालला, ते दोषी ठरले आणि त्यांना दंड झाला. गुरूच्या वर्तनाची विचारपूस करणारी एकही जागा संप्रदायात नव्हती. विचारपूस करणाऱ्याला शिक्षा देणारी जागा मात्र तयार होती. त्यामुळे जे घरात बसून तपासता आले असते, ते सर्वोच्च न्यायालय म्हणवणाऱ्या तेव्हाच्या मुंबईच्या कोर्टात चव्हाट्यावर आले. आपल्या मराठी वाचकांना परिचित असलेले डॉ. भाऊ दाजी लाड साक्षीला उभे राहिले आणि महाराजांवर गुप्तरोगाचे उपचार केल्याचे त्यांनी सांगितले. २२ एप्रिल १८६२ ला निकाल करसनदासांच्या बाजूने गेला. नीतीच्या दृष्टीने जे चूक, ते धर्माच्या नावाखाली बरोबर ठरू शकत नाही, असा न्यायमूर्ती आर्नोल्ड यांच्या निकालाचा आशय होता.

दीडशे वर्षांनी त्याच शहरात काय झाले ते पाहा. २०१३ च्या ऑक्टोबरात सुरतेतल्या दोन बहिणींनी आसाराम आणि त्यांचे पुत्र नारायण साई यांच्याविरुद्ध तक्रारी दिल्या. घटना कित्येक वर्षांपूर्वीच्या होत्या. नारायण साईंना सुरतेच्या सत्र न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये, तर आसारामना गांधीनगरच्या न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये जन्मठेप सुनावली. मधल्या काळात सुरतेत एका साक्षीदारावर ॲसिड फेकले गेले. आसारामांच्या एका जुन्या वैद्यावर राजकोटमध्ये गोळी झाडण्यात आली आणि तो दगावला. या प्रकरणांतल्या साक्षीदारांच्या बाजूने झालेल्या याचिकेवरच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना लागू केली. १८६१ मध्ये जातीबाहेर टाकण्याची धमकी होती, २०१४ मध्ये ॲसिड आणि गोळी. प्रत्येक वेळी आसनावर बसलेल्या माणसाआधी त्याच्याविषयी बोलणाऱ्याला किंमत मोजावी लागली. आपल्या मंडळीत ॲसिड कुणी फेकत नाही, हे खरेच. पण प्रभुभोजनाच्या रांगेत शेजारी कुणी उभे राहत नाही, मुलीच्या सोयरिकीच्या वेळी ‘तेच ते घर’ असे कुजबुजले जाते, भाऊ नोकरीला असलेल्या मिशनच्या शाळेतून निरोप येतो. जातीबाहेर टाकण्याचा हा सभ्य अवतार आहे, आणि गुपचूप मंजूर केलेला राजीनामा त्याला खतपाणी घालतो. कारण न सांगता पाळक गेला की मंडळी कारण शोधते, आणि ‘हिच्यामुळे आमचे पाळकसाहेब गेले’ असे ते बोट त्या बाईकडे वळते.

हे सगळे इतर धर्मांच्या गुरूंचे दाखले, त्यांचा आपल्याशी काय संबंध, असे कुणी म्हणेल. त्या काळच्या मिशनरींनाही तसेच वाटले असावे. डॉ. जॉन विल्सन महाराज खटल्यात संप्रदायाच्या ग्रंथांचे जाणकार म्हणून साक्षीला गेले होते. तो खटला स्वतःच्या घराकडे वळून पाहण्यासाठीही उपयोगी आहे, हे मात्र तेव्हाच्या मिशनमध्ये फारसे कुणाला सुचलेले दिसत नाही. म्हणून घरातलाच दाखला देतो. इंग्लंडच्या चर्चच्या तरुणांच्या शिबिरांत काम करणारे वकील जॉन स्मिथ मुलांना अमानुष मारहाण करत. १९८२ मध्ये शिबिरांशी संबंधित लोकांनीच याचा लेखी अहवाल तयार केला. तो मोजक्या हातांत फिरला, पोलिसांकडे गेला नाही. स्मिथना गप्प बसून बाजूला व्हायला सांगण्यात आले. १९८४ मध्ये ते झिम्बाब्वेला गेले आणि तिथे त्यांनी पुन्हा शिबिरे सुरू केली. डिसेंबर १९९२ मध्ये त्यांच्या एका शिबिरात सोळा वर्षांचा मुलगा मरण पावला. स्मिथ २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वारले, त्यांना शिक्षा कधीच झाली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये या प्रकरणाच्या चौकशीच्या मेकिन अहवालाने पीडितांची संख्या शंभराच्या वर सांगितली आणि पाचच दिवसांत कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी पद सोडण्याचे जाहीर केले. १९८२ चा तो कागद खोटा नव्हता, अपुराही नव्हता. तो फक्त दडवला गेला. इंग्लंडमधल्या लोकांनी स्वतःची अडचण सोडवली आणि ती झिम्बाब्वेच्या आईबापांच्या पदरात टाकली. आपण सुरतेचा पाळक गुपचूप नंदुरबारला पाठवतो, तेव्हा अंतर कमी असते, एवढाच फरक.

सर्वांत वजनदार आक्षेप खोट्या तक्रारीचा. पाळकाशी मतभेद झाले, जमिनीवरून भांडण झाले, कमिटीच्या निवडणुकीत गट पडले, की चारित्र्यावर चिखल उडवणे हा सोपा उपाय आहे, आणि असे आपल्याकडे घडतेही. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण या आक्षेपाचे उत्तरही चौकशीतच आहे. जालंधरचे बिशप फ्रँको मुलक्कल यांचे प्रकरण घ्या. एका धर्मभगिनीच्या तक्रारीवरून २०१८ मध्ये त्यांना अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, त्यावर अपील झाले. तरीही १ जून २०२३ ला त्यांनी राजीनामा दिला. हा राजीनामा शिक्षा म्हणून नव्हे, तर धर्मप्रांताच्या हितासाठी मागितला, असे व्हॅटिकनच्या दूतावासाने सांगितले. आता पाहा, त्यांच्या समर्थकांच्या दृष्टीने निर्दोष माणसाला जावे लागले, आणि तक्रारदार भगिनींच्या दृष्टीने प्रश्नाचे उत्तर मिळालेच नाही. ‘हिताचा’ राजीनामा दोन्ही बाजूंना असा अधांतरी ठेवतो. निर्दोष पाळकाला ज्या कागदाची सर्वांत जास्त गरज असते, तो म्हणजे तारीख, सह्या आणि कारणांसह लिहिलेला निष्कर्ष. दबावाखाली दिलेला राजीनामा त्याच्याकडून तोच कागद कायमचा काढून घेतो. त्याच्याविषयीची कुजबुज पुढच्या गावात त्याच्याआधी पोहोचते आणि तिला खोडून काढायला त्याच्या हातात काहीच नसते.

दुसरा आक्षेप पवित्र शास्त्राच्या आधाराने येतो. वडिलाविरुद्धचा आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून ऐकू नये, असे पौल तीमथ्याला सांगतो. हे वचन आपल्या कमिट्यांत हमखास पुढे केले जाते आणि एकांतात घडलेल्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणणार, म्हणून तक्रार तिथेच मिटते. त्याच्या लगेच पुढच्या ओळीत, पाप करणाऱ्या वडिलाला सर्वांसमोर दोष दाखवावा आणि बाकीच्यांना धाक बसावा, असे सांगितले आहे. तिथपर्यंत आपले वाचन सहसा पोहोचत नाही. शिवाय साक्ष म्हणजे फक्त डोळ्यांनी पाहणारा माणूस, असे थोडेच आहे? मोबाइलवरचे संदेश, त्याच दिवशी बहिणीला सांगितलेले शब्द, आधीच्या मंडळीतली तशीच जुनी तक्रार, हे सगळे मिळून साक्ष होते. कोर्ट हे पाहते, मग वडीलमंडळाने का पाहू नये? क्षमेचा मुद्दाही इथेच येतो. क्षमा करणे हे जिच्यावर अन्याय झाला तिच्या हातात आहे, कमिटीच्या बहुमतात नाही. आणि ज्याला क्षमा मिळाली त्याला व्यासपीठ परत मिळालेच पाहिजे, असेही कुठे लिहिलेले नाही. दया दाखवायची तर तिला जागा आहे. पाळक गेला की त्याची बायको-मुले पाळकगृहातून बाहेर पडतात, मुलांच्या शाळेचा प्रश्न उभा राहतो. मंडळीने त्या कुटुंबाचे काही महिन्यांचे घरभाडे भरावे, मुलांची फी भरावी. ही दया खर्चाची असते, म्हणून आठवत नाही. गप्प राहण्याची दया फुकट असते.

कायद्याबाबत थोडक्यात. मूल अठरा वर्षांखालचे असेल तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे हे प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तिथे कमिटीच्या चर्चेला जागाच नाही. ‘दोघेही सज्ञान होते, संमती होती’ हा युक्तिवाद प्रौढ स्त्रीच्या बाबतीत ऐकू येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६८ ने अधिकाराच्या किंवा विश्वासाच्या नात्याचा गैरफायदा घेऊन आपल्या देखरेखीखालच्या स्त्रीला वश करणे हा स्वतंत्र गुन्हा मानला आहे. एखादे प्रकरण त्यात बसते की नाही, ते वकील पाहतील. पण दुःखात समुपदेशनासाठी आलेल्या स्त्रीशी पाळकाचे नाते बरोबरीचे नसते, हे कळायला वकील लागत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ट्रस्ट आणि सोसायट्यांनाही लागू आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. चर्चमध्ये झाडणारी बाई आणि मिशनच्या बालवाडीतली शिक्षिका या दोघींना हे माहीत आहे का, असे प्रत्येक विश्वस्ताने आज विचारून पाहावे.

खरी भीती मात्र वेगळीच आहे आणि ती उघड बोलली जात नाही. गुजरातेत धर्मांतराविषयीचा कायदा २००३ पासून आहे, २०२१ मध्ये तो आणखी कडक झाला. डांग आणि तापी जिल्ह्यांत प्रार्थनासभेवर कधी कोण येईल सांगता येत नाही. अशा दिवसांत आपल्याच पाळकाची लक्तरे वेशीवर टांगायची का? ही भीती खोटी नाही आणि तिला हसणे आम्हाला जमणार नाही. पण दडवलेली गोष्ट विरोधकांच्या हाती लागत नाही, ही समजूत मात्र खुळी आहे. ती लागतेच, फक्त आपल्या शब्दांत नव्हे, त्यांच्या शब्दांत, आणि ‘सगळे मिळालेले होते’ या पुरवणीसह. आपण स्वतः चौकशी करून निर्णय घेतला असे दाखवणारा कागद हाच अशा वेळी मंडळीचा बचाव असतो. अल्पसंख्य समाजाला हे जास्त लागू पडते, कमी नाही.

सर्वांत अवघड जागा स्वतंत्र मंडळ्यांची. चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या संस्थेत निदान बिशप आहे, कोर्ट आहे, नियमपुस्तक आहे. ते वापरले जाते का, हा वेगळा प्रश्न. व्यारा, सोनगड, नवापूर पट्ट्यातल्या कित्येक मंडळ्यांत पाळकच संस्थापक, तोच मुख्य विश्वस्त, खजिनदार बायको आणि सचिव मेहुणा. तिथे राजीनामा कुणी कुणाला द्यायचा? अशा मंडळ्यांनी शांततेच्या काळातच शेजारच्या दोन-तीन मंडळ्यांशी लेखी समझोता करावा, की तक्रार आल्यास चौकशी त्या करतील, त्यात निदान दोन स्त्रिया असतील आणि त्यांपैकी एक मंडळीबाहेरची असेल. चौकशी चालू असेपर्यंत पाळकाने व्यासपीठापासून आणि तक्रारदाराच्या घरापासून दूर राहावे, पगार मात्र चालू राहावा, म्हणजे त्याला गुन्हेगार ठरवल्यासारखेही होणार नाही. राजीनामा आला तर तो ‘चौकशीच्या निष्कर्षाच्या अधीन’ असा शेरा मारूनच नोंदवावा. शिफारसपत्र मागणाऱ्या मंडळीला निष्कर्षाची प्रत जावी, तक्रारदाराच्या नावाशिवाय. तक्रार खोटी ठरली तर तेही त्याच रविवारच्या सूचनांत, तितक्याच स्पष्ट शब्दांत वाचून दाखवावे.

आपली वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ आली असेल तर हा ठराव विषयपत्रिकेवर घ्या, आणि हिशेबाच्या आधी घ्या, कारण हिशेबानंतर लोक उठून जातात. ठरावाचा मसुदा हवा असेल तर कार्यालयाला लिहा, तो तयार आहे.