कॅलासचं घडणं मिलानचं नव्हे, अथेन्सचं

ऑपेरा गायिका मारिया कॅलासचं नाव काढलं की लोक तिचा प्रियकर, जहाजमालक ओनासिस याच्यावर घसरतात. त्याची बोट, त्याचं लग्न, तिचं एकटेपण! मला या चघळण्याचा मनापासून कंटाळा आहे. दुसरा समज तिला मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहानं घडवलं हा. ला स्कालानं तिला मुकुट चढवला, हे खरं. पण १९२३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली ही मुलगी १९३७ साली आईबरोबर अथेन्सला गेली आणि तिथे एल्विरा दे हिदाल्गो या स्पॅनिश गायिकेकडे शिकली. स्वतःची शिकवणी संपली तरी ती घरी जात नसे, इतरांचे धडे ऐकत दिवसभर बसून राही. 'तोस्का' हा ऑपेरा तिनं पहिल्यांदा गायला तो १९४२ साली, जर्मन-इटालियन ताब्यातल्या अथेन्समध्ये.

तोच 'तोस्का' १९५३ साली व्हिक्टर दे साबाता यांच्या संचालनाखाली ला स्कालात ध्वनिमुद्रित झाला. दुसऱ्या अंकात खलनायक स्कार्पियाचा खून झाल्यावरची ओळ ऐका. तिथे तान नाही, आलाप नाही. खालच्या एकाच सुरावर ती जवळजवळ बोलते, आणि अंगावर काटा येतो. हे नुसत्या गळ्याचं काम नव्हे.

गॉसिपचा जोर किती, ते याच शहरातल्या आणखी एकीवरून कळतं. जीना बाखाउएर ही अथेन्सचीच पियानोवादक. दुसऱ्या महायुद्धात मध्यपूर्वेतल्या दोस्त सैनिकांसाठी तिनं शेकडो कार्यक्रम केले. पण गॉसिप नसल्यामुळे तिचं नाव आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही!

तेव्हा कॅलासवरचा पुढचा चित्रपट बघण्याआधी तो १९५३ चा 'तोस्का' एकदा पुरता ऐका.