अतलसी दुलई

सासूबाईंच्या पश्चात त्यांची पत्र्याची पेटी उघडण्याचे धैर्य मला वर्षभर झाले नाही. गेल्या दिवाळीनंतर ती उघडली, तेव्हा तळाशी मलमलीत गुंडाळलेले सॅटिनचे आठ तुकडे निघाले. काही आमच्याच दुकानातील ताक्यांची उरलेली टोके होती, काही त्यांच्या माहेरची. घरात नातवंड येणार होते. सासूबाईंच्या हातचे नाही, तर निदान त्यांच्या पेटीतले काही त्याच्या अंगावर असावे, या विचाराने मी दुलई शिवायला घेतली.

जुन्या मराठीत या कापडाला अतलस म्हणत. कापडाच्या घरांतून आलेल्या भगिनींना हे ठाऊक असेलच, तरी सांगते : सॅटिन हे धाग्याचे नाव नव्हे, विणीचे आहे. साध्या विणीत उभा धागा आडव्या धाग्याच्या एकदा वरून, एकदा खालून जातो. सॅटिनमध्ये तो चार किंवा अधिक आडव्या धाग्यांवरून सलग जाऊन मग एका धाग्याखाली शिरतो. ते लांब मोकळे धागे प्रकाश परतवतात म्हणून चमक. ते एकमेकांत कमी गुंततात म्हणून निसरडेपणा, आणि कडा उसवण्याची खोडही त्यामुळेच. धागा मात्र पॉलिएस्टरचा असेल, रेयॉनचा असेल किंवा रेशमाचा. नुसत्या स्पर्शावर विसंबून राहू नये.

म्हणून कात्रीआधी काडेपेटी घ्यावी. कडेचा एकच दोरा चिमट्यात धरून, खाली धातूची ताटली ठेवून पेटवावा. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी होतो. रेयॉन कागदासारखा जळतो आणि मऊ राख ठेवतो. रेशीम सावकाश जळते, केस जळल्याचा वास येतो, उरलेली काळी राख बोटांनी चुरडते. माझ्या आठ तुकड्यांपैकी सहा पॉलिएस्टरचे निघाले. राणी रंगाचा आणि पोपटी असे दोन रेशमाचे, आणि नेमके तेच सर्वांत देखणे. ते मी बाजूला ठेवले.

आता शिवणाचे. पहिल्या दिवशी मी कापड दुहेरी घडी घालून कापले, आणि प्रत्येक चौकोन निराळ्या मापाचा निघाला. सॅटिन नेहमी एकेरी कापावे, खाली जुनी सुती चादर पसरून; सुताच्या खरखरीतपणाने ते जागचे हलत नाही. टाचणी चौकोनाच्या मध्ये लावू नये, छिद्र कायमचे राहते. लावायचीच तर शिलाईच्या मायेत लावावी. माया बोटभर तरी हवी. मी 15 सेंटिमीटरच्या चौकोनासाठी 18 सेंटिमीटर कापले. मशीनला नेहमीची 14 नंबरची सुई असेल तर ती काढून 11 नंबरची, नवी, घालावी. बोथट सुई धागे ओढते. मशीनवर नेण्याआधी प्रत्येक जोड हाताने कच्चा टाकून घ्यावा. वेळखाऊ आहे, पण मला तरी याहून खात्रीचा उपाय सापडला नाही.

परदेशी पद्धतीत असे कापड जिलेटिनच्या पाण्यात बुडवून कडक करतात. जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यातून निघते. ती वाट आपली नव्हे. तांदळाची पातळ खळ गाळून लावली, सावलीत वाळवली आणि वर सुती फडके ठेवून मंद इस्त्री फिरवली की सॅटिन कागदासारखे वागू लागते. आधी कोपऱ्यावर लावून पाहावे, डाग राहत नाही ना. शिवण पूर्ण होताच खळ धुऊन टाकावी. खळीचे कापड तसेच पडले की त्यावर कसर आणि झुरळे येतात, आणि मग आपणच औषध फवारायला निघतो. जयणा येथेही पाळायची असते.

दुलईच्या पाठीला सॅटिन मुळीच घेऊ नये, ती रात्रभर पलंगावरून घसरत राहते. मऊ सुती कापड घ्यावे. आत कापसाचा पातळ थर, आणि चार-चार बोटांवर धावदोरा, म्हणजे कापूस एका कोपऱ्यात गोळा होत नाही.

पाच आडवे, सहा उभे असे तीस चौकोन हवे होते. सहा तुकड्यांतून चोवीस निघाले. उरलेल्या सहांसाठी ते रेशीम घ्यावे का, यावर घरात दोन दिवस बोलणे चालले. यजमान म्हणाले, "जे जीव गेले ते पन्नास वर्षांपूर्वी गेले. कापड टाकल्याने परत येणार आहेत का?" त्यांचे म्हणणे मला खोटे वाटले नाही. अर्धा किलो कच्च्या रेशमासाठी सुमारे तीन हजार कोष आतल्या जीवांसह उकळतात वा वाफवतात, हे ठाऊक असूनही त्या राणी रंगावरून माझा हात निघत नव्हता. सूनबाई हळूच म्हणाली, "आई, बाळाला पाहायला येणारी प्रत्येक बाई विचारील, हे कापड कुठे मिळाले? तेव्हा आपण काय सांगायचे?"

कृत, कारित आणि अनुमोदित हे शब्द प्रवचनात कितीदा ऐकले आहेत. तिसरा शब्द इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

ज्या मलमलीत सासूबाईंनी ते तुकडे गुंडाळून ठेवले होते, तीच दुहेरी करून मी सहा चौकोन कापले. चकचकीत रंगांमध्ये ते फिके पांढरे चौकोन दुरूनही ओळखू येतात, आणि बाळाची मूठ नेहमी त्यांतल्याच एकाला धरते. बहुधा ते निसटत नाही म्हणून. रेशमाचे दोन तुकडे पेटीत परत गेले आहेत, आता साध्या कागदात. सासूबाईंनी ते वापरलेही नाहीत आणि टाकलेही नाहीत. त्याचे कारण विचारायचे राहून गेले.