जुन्या लॅपटॉपास कल्हई

पितळेच्या पातेल्यांत पदार्थ कळकूं लागला म्हणून पातेलें कोणी उकिरड्यावर टाकीत नाहीं. कल्हईवाल्याची हांक ऐकूं येईपर्यंत तें माळ्यावर जातें, आणि कल्हई झाली कीं पुन्हां चुलीवर चढतें. ही दृष्टि आपल्या घरांतून भांड्यांपुरती शाबूत राहिली आहे. विजेच्या उपकरणांच्या बाबतींत मात्र ती आपण हरवून बसलों आहों. आठ-नऊ वर्षें इमानेंइतबारें राबलेला लॅपटॉप "आतां हा जुना झाला" एवढ्या एका वाक्यावर कपाटांत जातो, आणि नव्याच्या किंमतीचा खल रात्रीच्या पंगतींत सुरू होतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चें नियमित पाठबळ थांबविलें. तेव्हांपासून हा खल पुष्कळ घरांत झाला असेल. आमच्या घरीं तो दिवाळीच्या फराळाबरोबर झाला. आमच्या वडील बंधूंचा (घरांत त्यांस सर्वजण दादाच म्हणतात) लॅपटॉप २०१६ सालचा. विंडोज ११ ला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय आणि साधारणतः २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. दादांच्या यंत्रांत प्रोसेसरच जुना. यंत्र ठणठणीत, पण नियमानें बाद! आणि याच यंत्रांत दादांनीं नऊ वर्षें खपून जुळविलेला आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत होता. "नवें यंत्र मला नको," दादा म्हणाले, "याच्या कळा माझ्या बोटांस ठाऊक आहेत. ७८ व्या वर्षीं दुसऱ्या शिकूं कधीं, आणि वृत्तांत पुरा करूं कधीं?"

तेव्हां या यंत्रावर लिनक्स बसवावयाचें ठरलें. त्या खटाटोपांत आम्हांस जें कळलें, तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

लिनक्स ही विंडोजसारखीच यंत्र चालविणारी प्रणाली. फरक एवढाच, कीं तिचा कोणी एक धनी नाहीं. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं, कोणासहि वाचतां, सुधारतां व वांटतां येईल असें सॉफ्टवेअर निर्माण करण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें प्रणालीचा गाभा स्वतंत्रपणें लिहून सर्वांपुढें ठेवला. या दोहोंच्या मिलाफांतून आजचें लिनक्स उभें राहिलें. आपणांपैकीं पुष्कळांच्या हातांतला अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो. नोव्हेंबर २०१७ मध्यें जगांतील पहिले पांचशेंच्या पांचशें महासंगणक लिनक्सवर चालत असल्याची नोंद झाली. आणि केरळच्या सरकारी शाळांतून मुलें कित्येक वर्षें याच प्रणालीवर संगणक शिकत आहेत. तेव्हां ही केवळ हौशी मुलांची खटपट आहे, असा समज कोणी करून घेऊं नये.

मात्र लिनक्स एक नाहीं. गाभा तोच, पण त्याभोंवतीं निरनिराळ्या मंडळींनीं निरनिराळी मांडणी केलेली. अशा तयार मांडणीस डिस्ट्रो म्हणतात. डिस्ट्रो निवडण्याचा प्रश्न निघाला, आणि घरांत दोन पक्ष पडले. अभियांत्रिकी शिकणारा पुतण्या म्हणाला, "काका, आर्च घालूं या. सगळें आपल्या हातानें मांडतां येतें." त्याची थोरली बहीण संगणकाच्याच नोकरींत आहे, तिनें फेडोराची बाजू घेतली, कारण नवनव्या सुधारणा तेथें लवकर येतात. दोघांचेंहि खोटें नव्हतें. वाद रंगांत आला असतां वहिनी ताटें उचलतां उचलतां म्हणाल्या, "अरे, यंत्र तुमचें कीं ह्यांचें? सकाळीं उठून ह्यांना पंचांग पाहतां आलें, बँकेचें काम झालें, परदेशांतल्या लेकीचा चेहरा दिसला आणि लिहिलेलें छापून निघालें, म्हणजे झालें. तुम्ही दोघे घरीं नसतांना जें अडणार नाहीं, तें घाला."

डिस्ट्रो निवडण्याची याहून चांगली कसोटी आम्हांस कोठें आढळली नाहीं. जो बसवितो त्याच्या आवडीस महत्त्व नाहीं. जो वापरणार, त्याची रोजचीं कामें कोणास हांक न मारतां व्हावयास हवींत.

या कसोटीवर नवशिक्यांसाठीं नांवें थोडींच उरतात. २००४ पासूनचें उबंटू सर्वांत परिचित. त्याची पडद्यावरील मांडणी मात्र विंडोजहून वेगळी, आणि त्यास मेमरी किमान ४ जीबी तरी हवी. झोरिनची मांडणी विंडोजच्या वळणाची आहे. आम्हीं निवडलें तें २००६ सालीं सुरू झालेलें लिनक्स मिंट. त्याचा पायाहि उबंटूचाच. पण डाव्या कोपऱ्यांत खालीं यादी, उजव्या कोपऱ्यांत घड्याळ, हें दादांच्या ओळखीचें. त्याच्या २२ व्या मालिकेस २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत, म्हणजे दरवर्षीं नवी घडी बसविण्याचा त्रास नाहीं. २ जीबी मेमरींत तें चालतें, ४ जीबींत बरें चालतें. त्यांतहि सिनॅमन, माटे व एक्सएफसीई असे तीन प्रकार आहेत. यंत्र फार अशक्त असल्यास शेवटचा घ्यावा. दादांच्या यंत्रांत ४ जीबी होते, म्हणून आम्हीं तोच घेतला. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून तेथें एसएसडी बसवितां आली, तर अशा यंत्राचा वेग डोळ्यांस दिसेल इतका वाढतो. पण ती खर्चाची बाब ज्यानें त्यानें पाहावी.

आतां ज्यासाठीं हा लेख मुख्यतः लिहावयास घेतला, ती गोष्ट सांगतों. २०१३ सालीं आमच्याच हातून एक अपराध घडला आहे. घरांतील एका संगणकावर आम्ही घाईघाईनें लिनक्स बसवीत होतों. "सी" विभागांतील कागदपत्रांच्या प्रती काढून ठेवल्या होत्या. "डी" विभागास धक्का लागणार नाहीं अशी आमची खात्री. पडद्यावर प्रश्न आला, "डिस्क पुसून बसवावें काय?" आम्हीं होकार दिला. सी आणि डी या दोन निराळ्या डिस्का नसून बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग असतात, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. वाडा पाडावयास सांगितल्यावर माजघर तेवढें उभें राहील कसें? त्या डी विभागांत आमच्या आईनें जात्यावर म्हटलेल्या ओव्यांचें ध्वनिमुद्रण होतें. आई आदल्या वर्षीं गेली होती. दुसरी प्रत कोठेंहि नव्हती. घरांत कोणी एक शब्दानें बोललें नाहीं. दादाहि बोलले नाहींत, आणि तेंच अधिक लागलें.

म्हणून या वेळीं पहिले दोन दिवस लिनक्सचें नांवहि न काढतां केवळ प्रती काढण्यांत घालविले. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी पेनड्राइव्हवर. ती पेनड्राइव्ह ताईंच्या घरीं, म्हणजे दुसऱ्या छपराखालीं. सी, डी, डेस्कटॉप, डाउनलोड, सर्व कांहीं. आणि नुसत्या प्रती काढून आम्ही थांबलों नाहीं; दुसऱ्या संगणकावर त्यांतील फायली उघडून पाहिल्या. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हेच.

यापुढील कृति अवघड नाहीं. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून सुमारें ३ जीबींची आयएसओ फाइल उतरवून घ्यावी. तिच्याबरोबर अंकाक्षरांची एक लांब मालिका दिलेली असते. आपल्या फाइलीची मालिका काढून ती तिच्याशीं ताडून पाहावी. हें काम अनेकजण टाळतात. परंतु २० फेब्रुवारी २०१६ रोजीं मिंटच्याच संकेतस्थळांत घुसखोरांनीं शिरून लोकांस बनावट फाइल घ्यावयास लावली होती. तेव्हां पत्रावरची मोहर पाहिल्यावांचून पत्र फोडूं नये, हेंच खरें. मग रूफस किंवा बलेना एचर यांसारख्या साधनानें ती फाइल ८ जीबींच्या पेनड्राइव्हवर चढवावी. पेनड्राइव्हवरील पूर्वीचें सर्व कांहीं यांत पुसलें जातें, हें ध्यानांत असावें. यंत्र सुरू होतांच एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकीं आपल्या कंपनीची जी कळ असेल ती दाबावी, म्हणजे यंत्र त्या पेनड्राइव्हवरून सुरू होतें.

येथें लिनक्सची एक मोठी सोय आहे. डिस्कवर एक अक्षरहि न लिहितां तें पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहतां येतें. मुलगी दाखवावी आणि मगच बैठक ठरवावी, तसाच हा प्रकार! आम्हीं दादांस खुर्चीवर बसविलें आणि आपण मागें उभे राहिलों. वायफाय लागलें. आवाज आला. बँकेचें पान उघडलें. लेकीचा चेहरा दिसला. प्रिंटरनें थोडी कुरकुर करून कागद बाहेर टाकला. मग दादांनीं कुलवृत्तांताची फाइल उघडली; पहिल्या तीन प्रकरणांच्या जागीं रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा! दादांनीं चष्मा काढून हातांत घेतला. "गेलें का रे सगळें?" एवढेंच त्यांनीं विचारलें.

गेलें कांहींच नव्हतें. तीं प्रकरणें दादांनीं सुरुवातीच्या दिवसांत जुन्या मराठी फॉन्टांत टंकिलीं होतीं. या फॉन्टांत खरोखर साठविलेलीं अक्षरें रोमनच असतात. फॉन्ट त्यांस केवळ देवनागरीचा अंगरखा घालतो. ज्या यंत्रांत तो फॉन्ट नाहीं, तेथें अंगरखा गळून पडतो. पुढचीं प्रकरणें युनिकोडमध्यें होतीं. तीं स्वच्छ दिसत होतीं. म्हणजे हा दोष लिनक्सचा नव्हता. नवें विंडोज घेतलें असतें, तरी त्या फॉन्टावांचून हेंच घडतें. ज्या घरांत २०१० च्या आगेंमागें मराठीत टंकलेखन झालें आहे, त्यांनीं आपले जुने कागद आजच उघडून पाहावेत, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.

आम्हीं परत विंडोजमध्यें जाऊन, फॉन्ट जागेवर होता तोंवर, त्या प्रकरणांची पीडीएफ करून घेतली. निदान मूळ रूप तरी सुरक्षित झालें. मग परिवर्तकाच्या साहाय्यानें मजकूर युनिकोडमध्यें आणला. परिवर्तक रफार आणि जोडाक्षरें यांत चुकतो. म्हणून आठ-दहा संध्याकाळीं एकानें पीडीएफ मोठ्यानें वाचावी, दुसऱ्यानें पडद्यावर दुरुस्ती करावी, असा क्रम चालला. त्या निमित्तानें ज्या मुलांनीं कुलवृत्तांताचें एक पानहि वाचलें नव्हतें, त्यांचीं तीन प्रकरणें तोंडपाठ झालीं!

प्रत्यक्ष बसविण्याचा दिवस दादांनीं पंचांग पाहून ५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा, असा नेमला. बसवितांना महत्त्वाचा प्रश्न एकच: विंडोज शेजारीं ठेवावयाचें, कीं पूर्ण काढावयाचें? शेजारीं ठेवणारांनीं विंडोजमधील "फास्ट स्टार्टअप" आधीं बंद करावें. नाहीं तर विंडोज अर्धवट झोंपलेलें राहतें आणि त्याच्या फायलींस लिनक्सला नीट हात लावतां येत नाहीं. बिटलॉकर चालू असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवावी, आणि तें उघडल्याखेरीज पुढें जाऊं नये. आम्हीं प्रतींची पुन्हां एकदां खात्री करून डिस्क पुसण्याचा पर्याय घेतला. तो प्रश्न पडद्यावर आला तेव्हां आमचा हात थबकला. दादा म्हणाले, "दाब. ताईकडे प्रत आहे." पहिला चहा थंड होऊन दुसरा येईपर्यंत काम झालें होतें.

नंतरचीं कामें थोडकीं. सर्व सुधारणा उतरवून घ्याव्या. मराठीसाठीं इन्स्क्रिप्ट किंवा उच्चारानुसारी कळफलक जोडावा. टाइमशिफ्ट चालू करावें. बिघाड झाल्यास तें प्रणालीस कालच्या स्थितींत नेतें. पण तें सामान्यतः प्रणाली सांभाळतें, आपले कागद नव्हेत. कागदांच्या प्रती आपण ठेवाव्या लागतातच. पासवर्ड वहींत लिहून ती वही देवघराच्या कपाटांत ठेवावी, कारण विसरण्यास वय लागत नाहीं.

एक इशारा मात्र अवश्य दिला पाहिजे. घरांतील कोणाचें पोट विंडोजवरच चालणाऱ्या एखाद्या हिशेबाच्या किंवा चित्रकामाच्या सॉफ्टवेअरवर असेल, तर त्यांच्या यंत्रास हात लावूं नये. लिनक्स फुकट आहे, परंतु दुसऱ्याचा खोळंबा फुकट नसतो.

दादांचा लॅपटॉप आज त्याच मेजावर आहे. चवथें प्रकरण पुरें झालें. पांचव्यांत आईच्या माहेरची हकीकत यावयाची आहे. ओव्या गेल्या त्या गेल्याच. पण त्यांतल्या ज्या दहा-बारा वहिनींस आणि ताईंस आठवतात, त्या दोघींनीं परवां म्हणून दाखविल्या, आणि दादांनीं त्या उतरून घेतल्या. त्यांच्या तीन प्रती काढल्या आहेत. तिन्ही उघडून पाहिल्या आहेत.