दारातलं कुत्रं, उसातला बिबट्या

ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला गेलं, की मामीच्या मळ्यावर जेवूनच परतायचं, हा आमचा शिरस्ता. यावेळी दारात नेहमीचं कुत्रं दिसलं नाही. विचारलं तर भाकरी थापता थापता मामी म्हणाली, "नेलं की बिबट्यानं. आजारीच होतं. डोळ्यांना चिपडं, नाक गळायचं, पाय झटकायचं. सुटलं बिचारं. खरं सांगू का, दारात कुत्रं असलं की पोरं वाचतात गं."

यावर काय बोलणार? शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये महिन्याभरात बिबट्याने तीन बळी घेतले. त्यात दोन मुलं होती. पण घरी आल्यावर माझ्या डोक्यात दुसराच शब्द फिरत राहिला : 'आजारीच होतं.'

त्या कुत्र्याला नेमकं काय झालं होतं, हे आता कळणं शक्य नाही. पण मामीने सांगितलेली लक्षणं डिस्टेंपर नावाच्या रोगाचीही असतात. ताप, नाक-डोळे गळणं, खोकला, जुलाब आणि पुढे पुढे झटके. हा रोग माणसाला होत नाही, म्हणून त्याची चर्चाही होत नाही. मात्र तो कुत्र्यावरून वाघ, सिंह, बिबट्या यांच्याकडे जाऊ शकतो. आणि आपल्याकडचा बिबट्या खातो काय? जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने त्याच्या खाण्यात ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के! म्हणजे कुत्र्याचं दुखणं बिबट्यापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार?

ही नुसती भीती नाही. टांझानियातल्या सेरेंगेटीत १९९४मध्ये या रोगाने सुमारे एक हजार सिंह दगावले. आपल्या गीरमध्ये, दलखाणिया भागात सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८मध्ये २३ सिंह मेले. त्यांतल्या काहींमध्ये हाच विषाणू असल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने शोधलं, आणि मग अमेरिकेहून लस मागवावी लागली. नेपाळमध्ये तपासलेल्या बिबट्यांपैकी जवळपास ३० टक्क्यांच्या रक्तात या विषाणूशी गाठ पडल्याच्या खुणा मिळाल्या, असं २०२३मध्ये प्रसिद्ध झालं.

"बिबटे मेले तर बरंच की!" असं कुणी म्हणेल. रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या बाईने तसं म्हटलं, तर मी तिला दोष देणार नाही. पण या रोगाने जनावर लगेच मरत नाही. विषाणू मेंदूपर्यंत पोचला की ते भांबावतं, माणसाला बुजेनासं होतं, दिवसाढवळ्या वस्तीत शिरतं. निरोगी बिबट्या आपल्याला टाळतो. आजारी टाळेलच असं नाही. म्हणजे धोका पुन्हा आपल्याच अंगणात.

रानातल्या जनावरावर उपचार करणं किती अवघड, ते ऑस्ट्रेलियाला विचारा. तिथल्या कोआलांना क्लॅमिडिया या रोगाने ग्रासलंय. डोळे जातात, माद्यांना पिल्लं होत नाहीत. प्रतिजैविकं द्यावीत, तर निलगिरीची पानं पचवणारे पोटातले जंतूच मरतात आणि कोआला उपाशी राहतो. सनशाइन कोस्ट विद्यापीठाने दहा वर्षांहून अधिक काळ खपून एका डोसची लस तयार केली. तिला सप्टेंबर २०२५मध्ये मंजुरी मिळाली. तरीही प्रत्येक कोआला झाडावरून उतरवून टोचायचा म्हणजे केवढा खटाटोप!

आपल्याला उसातला बिबट्या पकडून टोचायचा नाही. आपलं कुत्रं दारातच बसलेलं असतं, आणि डिस्टेंपरची लस केव्हाच निघालेली आहे. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं, की पहिला डोस, मग काही आठवड्यांच्या अंतराने पुढचे. रेबीजची लस वेगळी. एक टोचली म्हणजे दुसरीचं काम होत नाही. केवळ कुत्र्यांना लस देऊन रानातला रोग संपत नाही, हे सेरेंगेटीत दिसून आलं, कारण इतर वन्यप्राणीही तो पसरवतात. पण जिथे बिबट्याचं ताटच कुत्र्यांनी भरलेलं आहे, तिथे सुरुवात कुत्र्यापासूनच करायला हवी.

२०२२मध्ये लम्पी आला, तेव्हा आपल्याकडे गोठ्यागोठ्यात जाऊन जनावरांना लस टोचली होती. करायचं ठरवलं की होतं, बायांनो! गाय दूध देते, म्हणून तिची काळजी. कुत्र्याचा हिशेब डेअरीच्या वहीत कुठेच नसतो. पण त्याला भाकरीचा तुकडा टाकणारी बाईच असते ना? ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे रस्ता, पाणी मागतो, तसंच यंदा गावातल्या कुत्र्यांसाठी लसीकरण आणि नसबंदीचं शिबिर मागूया. आणि बिबट्या झोकांड्या खाताना, वेडावाकडा चालताना दिसला, तर जवळ न जाता, गर्दी न करता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

मामीकडे आता नवं पिल्लू आलंय. परवा फोनवर तिला विचारलं, "लस टोचली का गं?" ती हसली. "अगं, बिबट्याच्या घासाला कसली लस?"

मी म्हटलं, "मामी, त्याच घासासाठी तर म्हणतेय."