खोली बघताना आडनाव झाकू नका

जालना म्हणजे सोन्याचा पाळणा, असे म्हणतात. पण या पाळण्यातले पोर पदवीधर झाले की त्याला पुण्या-मुंबईची वाट धरावीच लागते. अंबड, परतूर, मंठा, भोकरदन, घनसावंगी, कोणत्याही तालुक्यातल्या बौद्ध वस्तीत विचारा, कुणाचा ना कुणाचा मुलगा शहरात खोली करून राहत असतो. क्लास कोणता लावायचा यावर घरात चर्चा होते. राहायचे कुठे, कुणाबरोबर आणि कोणत्या कागदावर, यावर होत नाही. आणि शहरात पाऊल ठेवताच भाड्याच्या आधी प्रश्न येतो, "आडनाव काय?"

हा प्रश्न नवा नाही. १९१७ च्या सप्टेंबरात बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या या माणसाला शहरात जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एक मित्र हिंदू होता, एक ख्रिस्ती. दोघांच्याही घराचे दार उघडले नाही. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. न्यूयॉर्कमध्ये मात्र त्यांच्यासोबत राहणारे नवल भथेना हेही पारशीच होते आणि ती मैत्री जन्मभर टिकली. भथेनांना बाबासाहेबांचे नाव ठाऊक होते, धर्मशाळेला नव्हते. झाकलेल्या नावावर मिळालेले छप्पर अकरा दिवसांचे असते, हा त्यातला धडा आहे.

आज लाठ्या नाहीत, भाषा बदलली आहे. "फक्त शाकाहारी", "फॅमिलीलाच देतो", "कालच दिली". म्हणून आपली काही मुले आडनाव बदलून सांगतात. खोली मिळते, पण मग भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागत नाही, १४ एप्रिलला खोटे बोलून बाहेर पडावे लागते, गावाकडून आई आली तर तिला "जय भीम म्हणू नकोस" असे बजावावे लागते. अभ्यासासाठी गेलेला मुलगा वर्षभर स्वतःलाच लपवत बसतो. त्या खोलीचे खरे भाडे हे आहे.

मग राहायचे कुठे? दोन टोके टाळा. प्रतिष्ठेपायी पेठेतच राहायचे हे एक टोक, आणि भीतीपोटी आपल्या वस्तीबाहेर पाऊलच टाकायचे नाही हे दुसरे. बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत राहिले आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधून राहिले. दोन्ही ठिकाणी ते आंबेडकर म्हणूनच राहिले. जागा कामाच्या हिशेबाने निवडावी.

हिशेब मांडूनच पाहा. २०१६-१७ साली सुरू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत पुण्या-मुंबईसाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरले, त्यात निवासाचे २० हजार. म्हणजे महिन्याला सोळाशे-सतराशे. तेही हप्त्याने आणि उशिरा. एवढ्यात सदाशिव-नारायण पेठेत कॉट बेसिसवर एक कॉटही धड मिळत नाही. पण २०२४ पासून पिंपरी ते स्वारगेट मेट्रो पूर्ण सुरू आहे. दापोडी-बोपोडीत चौघांनी मिळून खोली केली, तर मंडईला उतरून पेठेतल्या अभ्यासिकेत चालत जाता येते. दापोडीत महाविहार आहे, आपली माणसे आहेत. मुंबईत नोकरी असेल तर कल्याण-उल्हासनगरचा विचार करा. आपल्याकडून जाणारी देवगिरी, तपोवन कल्याणला थांबते, पुढे लोकलचा पास. मुलींनी मात्र भाड्याआधी रस्ता बघावा. रात्री स्टेशनपासून खोलीपर्यंत दिवे आहेत का, वर्दळ आहे का? आणि पाणी किती वेळ येते, हे घरमालकाला नव्हे, शेजारणीला विचारावे.

आता कागदाचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास त्याला शिक्षा आहे. करारात डिपॉझिटचा आकडा आणि राहणाऱ्या सर्वांची नावे घाला. एकाच्याच नावावर करार आणि बाकीचे तिघे हवेत, असे करू नका. डिपॉझिट रोखीने नव्हे, खात्यावरून द्या.

जातीवरून खोली नाकारली तर? नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कोणत्याही वस्तीत राहण्यास अटकाव करणे हा गुन्हा आहे. पीडित अनुसूचित जातीचा असेल, तर कलम १२ प्रमाणे उलट सिद्ध होईपर्यंत कारण अस्पृश्यतेचेच होते असे न्यायालय गृहीत धरते. पण अटकाव झाला हे तरी आपल्यालाच दाखवावे लागते. म्हणून दलालाचे मेसेज पुसू नका. कायद्याची मर्यादाही ओळखा. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा नियम वैध ठरवला. अशा नियमाआड भिंत उभी राहू शकते. ती एकट्या विद्यार्थ्याने पाडायची नाही.

म्हणूनच शेवटचा प्रश्न चळवळीला आहे. आपल्यातले कितीतरी नोकरदार शहरात फ्लॅटचे मालक झाले. ते भाड्याने देताना तेही "बॅचलर नको" म्हणतात. गावाकडची मुलगी खोली मिळाली नाही म्हणून शिक्षण सोडून परत येते, तेव्हा दोष फक्त मनुवाद्यांचा असतो का? प्रत्येक शहरातल्या विहारात एक वही ठेवा. रिकाम्या खोल्या, भाडे, मालकाचा फोन, आणि पहिला महिना नव्या पोराला सोबत देईल असा एक माणूस. याला ना निधी लागतो, ना नेता. जयंतीच्या वर्गणीची वही आपण चोख ठेवतो, ही वहीही ठेवू या. म्हणजे जालन्याहून निघालेल्या पोराला खोलीच्या दारावर स्वतःचे पूर्ण नाव लावता येईल.

जय भीम!